बावखलावरची पाच झाडं

आग्नेसबायनं चादरीची गाठ सोडली आणि दिवाकर चुरीला एकदम ठेचकाळल्यासारखं झालं. जिना संपल्यावर अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तो जमिनीवरच आपटावा, तसं. चित्र तीन हात रुंद होतं. ओटीच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं. आग्नेसबायचा मुलगा लुईस गोखिवऱ्याला एका कारखान्यात फिटर होता. आज रविवारची सुट्टी म्हणून आईबरोबर आलेला. तो चादरीची घडी घालत बाजूला उभा राहिला. नंदाखालहून आगाशीपर्यंत दोघांनी ते चित्र दोन टोकांना धरून पायी आणलं होतं. "सायमनचं आहे," आग्नेसबाय म्हणाली. "बडोद्याहून त्याचं सामान आलं ना, त्यात होतं. मागं चिठ्ठी चिकटवलेली. गावच्या वाचनालयाला द्या म्हणून." नंदाखालच्या ख्रिस्ती वाडीवाल्यांची घरातली बोली निराळी, पण दिवाकरशी बोलताना ती नेहमी शाळेतलं मराठी काढायची, जपून, सणाचं लुगडं काढावं तसं. सायमन तुस्कानो तिचा धाकटा भाऊ. फेब्रुवारीत तिकडे बडोद्यातच गेला. इथे पत्र आलं तेव्हा त्याला मातीही देऊन झाली होती.

"मग वाचनालयात न्यायचं होतंत. माझ्याकडे कशाला?"

"तुम्ही बोलाल म्हणून. वाचनालयाचे आत्मारामभाऊ म्हणाले, पुढच्या रविवारी कार्यक्रम करू, नव्या हॉलमध्ये लावू. पण लोकांना समजावून सांगणारं कुणीतरी पाहिजे. तुम्ही दोघं मुंबईला एकत्र शिकलात." ती थांबली. लुईस अंगणात उतरलेला पाहून खालच्या आवाजात म्हणाली, "आणि खरं सांगू मास्तर, मलाच कळत नाही. माझा सख्खा भाऊ. लोक म्हणतात मोठा झाला, पेपरात नाव आलं. मी फादरना सांगून मिस्सेच्या प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायला लावते. पण त्यानं जन्मभर काय केलं ते मला ठाऊक नाही. तुम्ही सांगा मला. काय आहे ह्याच्यात?"

"बघून सांगतो," दिवाकर म्हणाला. पण बघायची गरज नव्हती. चादर सुटली त्या क्षणीच त्याला कळलं होतं की ही आग्नेसबायच्या घरामागच्या बावखलावरची भेंडीची झाडं आहेत. पाच. वाडीला पाणी पुरवण्यासाठी जुन्या माणसांनी खणलेलं ते तळं, आणि त्याच्या पश्चिमेच्या काठावर ओळीनं उभी असलेली ती मोठाली झाडं, पिंपळासारख्या पानांची, सकाळी पिवळी आणि संध्याकाळी लालसर होऊन गळणाऱ्या फुलांची. चित्रात पान नव्हतं. फूल नव्हतं. पाणीही असं म्हणावं असं नव्हतं. खालच्या बाजूला एक जाड, काळपट हिरवा थर होता आणि तो सुरीनं आडवा खरवडलेला होता. सगळा रंग झाडांच्या मधल्या जागांमध्ये भरलेला, थरावर थर, शेवाळी, तपकिरी, मधूनच मेलेल्या निळ्या रंगाची रेघ, इतका दाट की बोट लावलं तर आत जाईल असं वाटावं. आणि जिथे झाडं होती तिथे काहीच नव्हतं. नुसतं कापड. पाच उभ्या, किंचित वाकड्या, कोऱ्या पट्ट्या. सायमननं झाडं रंगवलीच नव्हती. त्यानं सगळं जग रंगवलं होतं आणि झाडं सोडून दिली होती.

मायलेक गेल्यावर त्याची बायको प्रेमलता हात पुसत बाहेर आली, चित्रासमोर उभी राहिली, म्हणाली, "अर्धवट राहिलंय का हो?" तो चित्र भिंतीला नीट टेकवत होता. "बिचारा," ती म्हणाली, "पुरं करायला मिळालं नाही," आणि आत गेली. कोपऱ्यात तारीख होती. सत्तर साल. सायमन त्यानंतर बारा वर्षं जगला होता.

चित्र आठवडाभर त्याच्या ओटीवर राहिलं. दिवाळीची सुट्टी होती, शाळा नव्हती. सकाळी दात घासताना तो ते पाही, चहा घेताना पाही. दुपारी चटईवर पडल्यावर उलट्या बाजूनं पाही. कधी वाटे, हे सोपं आहे, हे कुणालाही सुचलं असतं. मग पुढच्याच क्षणी दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीच्या मधल्या त्या निळ्या रेघेवर नजर जाई आणि हलायला तयार नसे, कारण ती रेघ तिथेच हवी होती, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही, आणि ती तिथे हवी हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी कळत होतं. हेच त्याचं दुःख होतं. त्याला कळत होतं. आगाशीपासून वसईपर्यंत ह्या चित्रात काय आहे ते कळणारा कदाचित तो एकटाच होता, आणि काढणारा तो नव्हता. एखाद्याला गाणं येत नाही आणि कळतही नाही, तो सुखी. ज्याला कळतं आणि येत नाही त्यानं काय करावं? त्यानं अठ्ठावीस वर्षं शाळेत मुलांना चित्रकला शिकवली. स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवले, शिक्षणाधिकारी आले की फलक लिहिले. सुट्टीत जलरंगातली नारळीच्या बागांची चित्रं काढली, ती आवडली नाहीत असं म्हणणारा माणूस त्याला ह्या मुलखात भेटला नाही. लग्नामुंजीत भेट द्यायला लोक ती मागून नेत. प्रत्येक दुसऱ्या घरात त्याचा एक माड वाकलेला होता.

त्रेपन्न सालच्या ईस्टरच्या सुट्टीत तो आणि सायमन त्या बावखलाच्या काठी कागद घेऊन बसले होते, दोघंही मुंबईच्या चित्रशाळेत दुसऱ्या वर्षाला. दिवाकरनं दोन तासांत चित्र संपवलं. पाण्यातलं प्रतिबिंब, पानांतून गळणारं ऊन, गळलेली फुलंसुद्धा. सायमननं तीन कागद फाडले. चौथ्यावर कोळशाच्या कांडीनं पाच रेघा मारल्या आणि त्याकडे तोंड वाकडं करून बघत बसला. "दिवा," तो म्हणाला, "झाडांच्या मधे काय असतं रे?" दिवाकर हसला होता. "मधे? मधे हवा असते. ती काढता येत नाही." "मग तीच काढायला पाहिजे," सायमन म्हणाला. सुट्टी संपल्यावर चित्रशाळेतल्या मास्तरांनी दिवाकरचं चित्र वर्गाच्या भिंतीवर लावलं आणि सायमनला म्हणाले, तुस्कानो, ह्याच्याकडून नजर शीक. ते वाक्य दिवाकरनं पुढे कित्येक वर्षं खिशात ठेवल्यासारखं वागवलं. पुढे वडील अंथरुणाला खिळले, वाडीचं बघणारं कुणी नव्हतं, शाळेत जागा निघाली आणि तो परत आला. आल्यावर लोकांना सांगे की नाइलाज होता. नाइलाज होताच. पण परत यायला मिळालं म्हणून त्याला त्या दिवशी गाडीतून उतरताना किती हलकं वाटलं होतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. तिथे राहिला असता तर कधीतरी त्याला झाडांच्या मधलं काढावं लागलं असतं.

आणि एक गोष्ट ह्याहून वाईट होती. चित्र आलं त्या पहिल्या दिवसापासून तो ती टाळत होता. बुधवारी दुपारी ती आपोआप समोर आली. एकोणसत्तर साली आग्नेसबायचे आणि सायमनचे वडील वारले. सायमन परदेशात होता, येऊ शकला नाही. वर्षाच्या आतच आग्नेसबायनं बावखलावरची भेंडी तोडून घेतली, केळीवर सावली पडते म्हणून. तेव्हा सायमनचं नाव नुकतंच मासिकांतून येऊ लागलं होतं. दिवाकरनं त्याला पत्र लिहिलं. सांत्वनाचं चांगलं दीड पान झाल्यावर शेवटी लिहिलं, 'तुझी भेंडी आता राहिली नाही. बावखलाच्या काठी झाडं होती तिथे नुसता उजेड उभा आहे.' लिहिताना वाक्य छान जमलं म्हणून त्याला बरं वाटलं होतं. आणि दुसऱ्याही एका कारणानं बरं वाटलं होतं. हे वाचून तो तिकडे दुखावेल, एक संध्याकाळ तरी त्याच्या हातून काही होणार नाही, असं त्याला वाटलं होतं. त्यानं ते दुखवायलाच लिहिलं होतं. सायमनचं उत्तर आलं नाही. उत्तर हे होतं. नुसता उजेड उभा. त्याचंच वाक्य, शब्द न शब्द, तीन हात रुंद, सुरीनं खरवडून. दिवाकर चटईवर उठून बसला आणि किती वेळ तरी आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. एका क्षणी त्याला भयंकर अभिमान वाटला, हे चित्र अर्धं माझं आहे असा. आणि लगेच त्याला कळलं की नाही, अर्धंही नाही. त्याच्याकडे वाक्य होतं आणि त्या वाक्याचं त्यानं काय केलं? पाकिटात घालून दुसऱ्याला पाठवलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी त्यानं भाषण लिहिलं. सात पानं. इतकं खरं त्यानं आजवर काही लिहिलं नव्हतं. झाडाकडे बघताना आपण पानं बघतो, फळं बघतो, उपयोग बघतो. हा माणूस झाड गेल्यावर त्याच्या जागेकडे बघतो आहे. त्यानं झाडांना रंग दिला नाही कारण रंग असणाऱ्या गोष्टी असतात आणि ह्या नव्हत्या. मधली जागा एवढी जड का केली आहे? कारण माणूस गेल्यावर घरातली हवा अशीच जड होते, आपण सगळ्यांनी ती अनुभवली आहे. हे वाक्य लिहून झाल्यावर तो उठून अंगणात फेऱ्या घालू लागला. पत्राचा उल्लेख करावा की नाही हे ठरेना. झाडं कुणी तोडली हे तर सांगता येणारच नव्हतं. शेवटी त्यानं दोन्ही गोष्टी वगळल्या आणि पानं कोटाच्या खिशात ठेवली. शनिवारी झोप चांगली लागली. आपण मोठ्या मनाचे आहोत असं वाटून जी लागते तशी.

रविवारी चार वाजता वाचनालयाचा हॉल भरलेला होता. नव्या चुन्याचा वास येत होता. चित्र समोरच्या भिंतीवर टांगलेलं आणि त्याच्यावर फडकं. पुढच्या रांगेत आग्नेसबाय, लाल चौकड्याचं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून, मिस्सेला बसावं तशी. अध्यक्ष आत्मारामभाऊ राऊत, केळीचे मोठे बागाईतदार, मनानं चांगला माणूस, बोलायला उभे राहिले. "सायमन तुस्कानो आपल्या मातीतला. तो सातासमुद्रापार जाऊन आला, आणि त्याच वेळी त्याचे हे वर्गमित्र, आपले चुरी मास्तर, इथे राहून आपल्या पोरांना पेरू न् कपबशा काढायला शिकवत होते. हेही काम काही कमी नाही! मास्तर म्हणजे सायमनचे मित्र, एवढी एकच ओळख पुरे आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्मारामभाऊंनी प्रेमानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या मनात काही नव्हतं. दिवाकर टाळ्या ऐकत उभा राहिला आणि कोटाच्या खिशातली पानं छातीला बोचू लागली. एवढी एकच ओळख. ही पानं वाचली तर ती कायमची होईल. सायमनला काय म्हणायचं होतं ते सांगणारा माणूस. मेल्यावरही तो काढणार आणि मी समजावणार.

फडकं काढलं. खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खोकलं. मागून फ्रेडरिकचा आवाज आला. तो पोस्टात होता आणि गावच्या नाटकांत विनोदी कामं करायचा. "मास्तर, उलटं तर नाही ना लागलं?" थोडे लोक हसले, अंग चोरून, चर्चच्या पायरीवर हसावं तसे. सगळ्यांचे डोळे दिवाकरकडे वळले. तो ह्यावर काय म्हणतो ते त्यांना पाहायचं होतं. तो रागावला असता तर ते गप्प बसले असते, पुढची अर्धी घटका ऐकून घेतलं असतं, आणि काहींना कदाचित समजलंही असतं. त्या डोळ्यांत काय होतं ते त्याला साफ दिसलं. त्यांना भीती वाटत होती. आपण अडाणी ठरू अशी. आणि त्या भीतीतून सोडवणं त्याच्या हातात होतं.

"उलटं लावून बघू या," दिवाकर म्हणाला. "कदाचित झाडं खाली पडतील."

हॉल फुटला. इतकं मोठं हसू त्याच्या वाट्याला आयुष्यात कधी आलं नव्हतं. ते ऊन अंगावर यावं तसं आलं, आणि तो त्यात उभा राहिला. पुढचं त्यानं ठरवलं नाही, ते येत गेलं. सायमननं झाडांपुरता रंग वाचवला, वाडवडिलांची काटकसर रक्तातच होती. आम्ही शाळेत मुलाला असा कागद कोरा सोडल्याबद्दल शून्य देतो, परदेशात त्यालाच बक्षीस देतात. कुणी विचारलं, "पण मास्तर, म्हणजे ह्यात आहे तरी काय?" आणि तो म्हणाला, "आहे ते मी तुम्हाला सांगितलं असतं, पण चित्रकारानंच सांगितलं नाही, तर मी कोण सांगणारा? ज्याला जे दिसेल ते त्याचं. मला तर कापड दिसतंय. चांगलं आहे, जाड आहे." मग दोन गंभीर वाक्यं, मित्राच्या आठवणीची, आवाज खाली आणून, ती संपल्यावर काही बायकांनी डोळे टिपले. आग्नेसबाय हसली होती. प्रत्येक वेळी इतरांच्या मागून किंचित उशिरा, सगळे हसताहेत हे पाहून. बसताना खिशातली सात पानं दुमडल्याचा आवाज झाला. तो त्याच्याशिवाय कुणालाही ऐकू गेला नाही.

कार्यक्रमानंतर आत्मारामभाऊ चहाचा कप हातात घेऊन जवळ आले. "मजा आणलीत राव. पण मग हे इथे समोर लावायचं की काय करायचं? तुम्हीच म्हणता काही नाही त्याच्यात. उद्या लोक विचारतील. जिन्यात लावू सध्या?" दिवाकरनं उत्तर द्यायच्या आत आग्नेसबाय पुढे झाली. तिनं पदर सावरला. "नको भाऊ," ती म्हणाली. "जिन्यात कशाला? घरी नेते मी." ते तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की आत्मारामभाऊंना सुटल्यासारखं झालं. लुईसनं चित्र उतरवलं. चादर तिनं बरोबर आणलेली नव्हती, त्यामुळे ते दोघं आगाशीच्या बाजारातून ते तसंच उघडं घेऊन गेले.

प्रेमलता कार्यक्रमाला होती. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली नाही, स्टोव्हही नाही. उंबऱ्यावर बसून राहिली. "छान बोललात," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आठवडाभर तुम्ही त्या चित्राकडे बघत होतात, ते मी बघत होते हो." एवढंच. मग उठून तिनं भात टाकला.

सोमवारी सकाळी तो सायकलनं नंदाखालला गेला. आग्नेसबाय अंगणात चटईवर जाईच्या कळ्या घेऊन बसली होती. वसईच्या बाजारात पाठवायचे गजरे ओवत. त्याला पाहून उठू लागली. "बसा, बसा, मास्तर. चहा टाकते." तो म्हणाला, चहा नको, मला बोलायचंय. सायकल माडाला टेकवून तो चटईच्या कडेवर बसला आणि बोलू लागला. कागद काढायची गरज पडली नाही. काल मी खोटं बोललो. त्या चित्रात आहे. सगळं आहे. त्यानं सांगितलं की त्या कोऱ्या पट्ट्या म्हणजे तुमची भेंडी. मधला जड रंग म्हणजे ती नसताना उरलेली हवा. ती निळी रेघ कशी आहे, डोळा सगळीकडून फिरून तिथेच कसा येतो, घरातून गेलेल्या माणसाच्या रिकाम्या खुर्चीकडे यावा तसा. सायमन फार मोठा चित्रकार होता आणि हे चित्र कदाचित त्याचं सगळ्यांत चांगलं होतं, म्हणून त्यानं ते गावाला दिलं. असं तो हॉलमध्येही बोलू शकला नसता. आग्नेसबायची सुई चालत होती. मग थांबली.

"आमची भेंडी?" ती म्हणाली. "बावखलावरची?"

"हो."

"ती मी तोडली ते त्याला कुणी सांगितलं? मी तर कधी कळवलं नाही."

त्यानं सायकलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी. पत्रात लिहिलं होतं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखादा परका माणूस ओसरीवर येऊन बसला आहे आणि तो कुणाकडे आला हे आठवेना, तसं. "चौऱ्याहत्तरला आला होता तो," ती म्हणाली, "सणाला. चार दिवस होता. रोज सकाळी बावखलावर जाऊन उभा राहायचा. मला वाटायचं, आता विचारेल, आता विचारेल. काय सांगायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. केळी पिकेनात, आमचा माणूस आजारी, हातात दुसरं काय होतं. पण त्यानं विचारलंच नाही. माझ्या हातचं निवट्याचं कालवण खाऊन गेला. मी म्हटलं, विसरला. एवढा जग फिरलेला माणूस, पाच झाडं काय लक्षात ठेवणार." तिनं एक कळी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "तर तो त्याच्या चार वर्षं आधीच ते काढून बसला होता."

"तुमच्यावर राग नाही त्यात, आग्नेसबाय. राग असता तर असं चित्र झालंच नसतं."

"असेल," ती म्हणाली. "तुम्हाला कळतं." तिनं दोन कळ्या ओवल्या. बाहेरच्या वाटेनं कुणाची तरी बैलगाडी गेली. "काल रात्री मी बरी झोपले, मास्तर. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटत होतं, माझ्या भावानं काहीतरी मोठं सांगून ठेवलंय आणि मी मूर्ख म्हणून मला ते कळत नाही. काल तुम्ही म्हणालात, नुसतं कापड आहे. सगळे हसले, मीपण हसले. म्हटलं, सुटले." तिनं नाक पुसलं. "आता तुम्ही म्हणता तसं असेल, तर मी ते भिंतीवर लावून रोज कसं बघू? जेवताना? तसं नको. कालचंच राहू द्या."

"पण काल मी—"

"कालचंच राहू द्या," ती म्हणाली, ह्या वेळी तिच्या घरच्या बोलीत, आणि त्या बोलीत तिचा आवाज निराळा होता, त्यात विनंती नव्हती. "माळ्यावर ठेवलंय. टाकणार नाही. भावाचं आहे. लुईसच्या पोरांना काय करायचं ते करू दे."

तो उठला. सायकलीला हात घातला तेव्हा तिनं मागून हाक मारली. ती आता पुन्हा शाळेतलं मराठी बोलत होती. "मास्तर, एक मागू? तुम्हाला भेंडी आठवते ना? ती तुम्ही काढून द्या मला. होती तशी. पानाफुलांसकट, पाण्यासकट. तुमची चित्रं मला कळतात." दिवाकरला नाही म्हणता आलं असतं. त्याच्या मनात शब्दही तयार होता. "देतो," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी तो रंगाची पेटी घेऊन बावखलावर जाऊन बसला. शेणखताचा आणि पाण्याचा वास. समोर केळी, माणसाच्या उंचीच्या, घड लागलेल्या. पाण्यावर हिरवा तवंग. तळं आता पूर्वीच्या निम्मंही उरलं नव्हतं, एका बाजूनं भराव घातला होता. त्यानं डोळे मिटून भेंडी आठवायचा प्रयत्न केला. खोडावरच्या गाठी, पहिली फांदी कुठून फुटायची, कुठलं झाड पाण्यावर वाकलेलं होतं. त्रेपन्न साली हे सगळं त्यानं दोन तास डोळ्यांनी पिऊन काढलं होतं. काही आलं नाही. डोळ्यांपुढे आल्या त्या पाच कोऱ्या पट्ट्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधली निळी रेघ. त्यानं डोळे उघडले, तोंड धुतलं, पुन्हा मिटले. पुन्हा त्याच. सायमननं त्याच्याही झाडांवर उजेड ओतून ठेवला होता. शेवटी त्यानं कागद ओला केला आणि हात जाईल तसा जाऊ दिला. हाताला सवय होती. दीड तासात झाडं उभी राहिली, पानांतून ऊन गळू लागलं, पाण्यात सावल्या पडल्या, कडेला चार पिवळी फुलं टाकली. ती कुठलीही झाडं होती. कॅलेंडरावर असतात ती.

दुसऱ्या दिवशी आग्नेसबाय लुईसला घेऊन दिवाकरच्या ओटीवर आली. तिनं चित्र दोन्ही हातांत उजेडाकडे धरलं, आणि तिचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला, वयच उतरल्यासारखं झालं. "हीच ती," ती म्हणाली. "अगदी हीच रे लुईस. बघ, ह्या मधल्याला आम्ही झोका बांधायचो, मी आणि सायमन. ह्याच फांदीला."

ते मधलं झाड दिवाकरनं सगळ्यांत शेवटी घातलं होतं, कागदावर तिथे जागा रिकामी दिसत होती म्हणून.